गुरगुरणारा डार्क बेस कसा बनवायचा: रीसपासून ग्राउलपर्यंत, अगदी शून्यापासून

ड्रम अँड बेस, न्यूरोफंक किंवा डबस्टेप या इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकारांमधला तो गुरगुरणारा बेस ऐकून डोकं फिरलं की नवीन माणूस सगळ्यात आधी विचारतो, "कुठला प्रीसेट आहे हा?" प्रीसेट (आधीच तयार करून ठेवलेले आवाज) ढिगाने मिळतात, पण ते आपल्या ट्रॅकमध्ये टाकले की एकतर सब (सगळ्यात खालचा बेस) गायब होतो नाहीतर सगळ्याचा चिखल होतो, आणि आत काय चाललंय तेच माहीत नसल्यामुळे दुरुस्त कुठे करायचं ते कळत नाही. म्हणून हा लेख. एकच गोष्ट शेवटपर्यंत डोक्यात ठेवा: गुरगुर खाली नसते, मधे असते. तळाचा सब अगदी साधा आणि स्थिर असतो, वळवळ करतं ते सगळं साधारण १०० हर्ट्झच्या वर. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

थोडा इतिहास, मग कामाला लागू. १९८८ साली डेट्रॉइटच्या केविन सॉन्डरसनने 'रीस' या नावाने एक टेक्नो ट्रॅक काढला, त्यातला घरघरणारा बेस इंग्लंडमध्ये जंगल (ड्रम अँड बेसच्या आधीचा संगीतप्रकार) करणाऱ्यांनी सॅम्पल करून करून इतका वापरला की त्या आवाजालाच रीस म्हणायला लागले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एड रश, ऑप्टिकल वगैरे लंडनच्या मंडळींनी हाच बेस फिल्टरमधून पिळून काढला आणि न्यूरोफंक उभं राहिलं, पुढे नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या नॉइझियाने तो इतका साफ आणि बारीक केला की आजही लोक त्यांचा ट्रॅक शेजारी लावून आपला बेस तपासतात. डबस्टेपमधला बोलल्यासारखा वाटणारा ग्राउल वेगळ्या वाटेने आला, पण आतली यंत्रणा बरीचशी तीच.

१. सामान

- कॉम्प्युटर. ८ जीबी रॅमवर शिकता येतं, १६ असेल तर सुखाने शिकता येतं.
- डीएडब्ल्यू (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर), कुठलंही. रीपर ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये मात्र एक मेख आहे, प्रोजेक्ट सेव्ह होतो पण बंद केल्यावर परत नीट उघडता येत नाही, त्यामुळे काम झालं की लगेच ऑडिओ एक्सपोर्ट करून ठेवायचा.
- सिंथ (आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर): व्हायटल. फुकट व्हर्जनमध्ये प्रीसेट आणि वेव्हटेबल कमी मिळतात, सिंथ तोच. सीरम (असाच एक विकतचा सिंथ) असेल तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसू नका. या लेखातलं सगळं व्हायटलवर होतं.
- एक्सफरचा ओटीटी (कॉम्प्रेसर) आणि व्हॉक्सेंगोचा स्पॅन (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारा). दोन्ही फुकट.
- वायरवाले हेडफोन. ब्लूटूथ नको, कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो. आणि 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेले तर अजिबातच नको, ते तुम्हाला नसलेला बेस ऐकवतात.
- विंडोजवर ऑडिओ इंटरफेस नसेल तर एसिओ-फॉर-ऑल ड्रायव्हर, म्हणजे डिले जरा कमी होतो.

क्रॅक सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. नीतिमत्ता बाजूला ठेवा हवी तर, पण त्यासोबत व्हायरस येतात आणि ऐन वेळी प्लगइन उडतो. फुकटातलं सामान आज इतकं चांगलं आहे की गरजच नाही.

आता खोलीबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे बहुतेकांचा स्टुडिओ म्हणजे दहा बाय दहाची बेडरूम. दहा फूट अंतरावर समोरासमोर भिंती असल्या की ५६-५७ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, आणि लांबी-रुंदी दोन्ही सारखीच असल्यामुळे तो दोन्हीकडून तिथेच घुमतो. ५५ हर्ट्झ म्हणजे खालचा ए. म्हणजे स्पीकरवर काम करताना ए ही नोट अचानक दणदणीत वाटणार, बाकीच्या मरतुकड्या वाटणार, आणि तुम्ही इक्यूने ए कमी करत बसणार, जे मुळात चुकीचं नव्हतंच. गादी, कपाट, पडदे यांनी एवढ्या खालच्या आवाजाला फारसा फरक पडत नाही. सबचे निर्णय हेडफोनवर आणि स्पॅनमध्ये बघून घ्या, स्पीकर फक्त मजेसाठी.

२. सब आधी, बाकी नंतर

नवीन प्रोजेक्ट, एक मिडी ट्रॅक (नोट लिहायचा), व्हायटल, इनिशियलाइझ (कोरा) प्रीसेट. ऑसिलेटरला (लाट तयार करणारा भाग) साइन (अगदी साधी गोल लाट) लावा. व्हॉइसेस १ करा म्हणजे दोन नोट एकमेकींवर चढणार नाहीत. फेज रँडमायझेशन शून्यावर आणा, नाहीतर प्रत्येक नोट लाटेच्या वेगळ्याच जागेवरून सुरू होते आणि किकसोबत कधी बेस जाड लागतो कधी पातळ. अटॅक (नोट पूर्ण आवाजाला यायला लागणारा वेळ) ५ ते १० मिलिसेकंद, म्हणजे सुरुवातीला टिक् येत नाही.

नोट कुठली? एफ घ्या, ४३.६५ हर्ट्झवाला. ई, एफ, जी या पट्ट्यात बहुतेक क्लब सिस्टीम नीट वाजतात, सी पर्यंत खाली गेलात तर ३२ हर्ट्झ होतात आणि बऱ्याच स्पीकरना तिथे काही जमत नाही. इथे एक सापळा आहे, एका डीएडब्ल्यूमध्ये मधला सी म्हणजे सी ३ असतो, दुसऱ्यात सी ५, त्यामुळे कोणी व्हिडिओत "एफ १ दाबा" म्हणालं आणि तुम्ही दाबलंत तर दोन ऑक्टेव्हने चुकू शकता. नाव सोडा, स्पॅनमध्ये शिखर कितीवर आहे ते बघा.

झालं, सबला यापुढे हात लावायचा नाही. कोरस नाही, युनिसन (एकच नोट अनेक किंचित वेगळ्या सुरांत) नाही, रिव्हर्ब नाही, स्टीरिओ तर नाहीच नाही. फारच पोकळ वाटला तर किंचित सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन). लोकांना वाटतं इतका साधा साइन कसा चालेल, पण मोठ्या सिस्टीमवर छातीत बसतो तो हाच.

३. रीस: दोन सॉ आणि त्यांचं भांडण

दुसरा मिडी ट्रॅक, तीच नोट पण एक ऑक्टेव्ह वर, म्हणजे ८७.३ हर्ट्झ. व्हायटलमध्ये दोन ऑसिलेटर, दोन्हीवर सॉ (करवतीच्या दातांसारखी लाट). एकाला १० सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग) वर, दुसऱ्याला १० सेंट खाली. वाजवा. हाच रीस, आणखी काही नाही त्यात.

हे का हलतं ते एकदा समजून घ्या, पुढे फार उपयोगी पडतं. दोन सॉमध्ये २० सेंटचा फरक म्हणजे ८७ हर्ट्झला जेमतेम १ हर्ट्झचा फरक, त्यामुळे मूळ सूर साधारण सेकंदाला एकदा फुगतो आणि बसतो. पण सॉमध्ये वरचे सगळे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) असतात, आणि दहाव्या हार्मोनिकला, म्हणजे ८७० हर्ट्झच्या आसपास, हाच फरक दहापट होतो, तिथे सेकंदाला दहा वेळा फुगणं-बसणं चालतं. म्हणजे तळाशी संथ, वर भराभर, आणि मधल्या प्रत्येक हार्मोनिकचा वेग निराळा. ती घरघर यातून येते. स्पॅन उघडून बघा, शिखरं एकेक करून वर-खाली होताना दिसतात.

आता हेच दोन डिट्यून सॉ तुम्ही ४३ हर्ट्झवर सब म्हणून वापरलेत तर काय होईल? दर दोन सेकंदांनी सब जवळजवळ शून्य होईल. ड्रॉप (ट्रॅकचा दणक्याचा भाग) ऐन रंगात आलेला आणि खालून हवा गेलेली. म्हणून सब वेगळा.

या रीस ट्रॅकवर ९०-१०० हर्ट्झला हाय-पास (त्याच्या खालचं कापणारा फिल्टर) टाका, २४ डीबीचा उतार. डिट्यून किती ते चवीनुसार, ५ सेंटला गंभीर, ३० च्या पुढे गेलात की ट्रान्स संगीतासारखं गोडसर व्हायला लागतं. आठ-आठ आवाजांचं युनिसन मोह पाडतं पण त्यात हालचाल इतकी गर्दीची होते की नुसता फस्स आवाज उरतो. दोन किंवा तीनच ठेवा.

४. तोंड उघडायला लावा

रीस घरघरतो, ग्राउल बोलतो. फरक फिल्टरचा.

माणूस 'आ' म्हणतो तेव्हा घशातला आवाज तोच असतो, तोंडाच्या आकारामुळे दोन पट्टे उठून दिसतात, साधारण ७०० आणि १,१०० ते १,२०० हर्ट्झ. 'ई' म्हणताना पहिला पट्टा ३०० कडे उतरतो आणि दुसरा २,२०० च्या पुढे पळतो. 'ऊ' ला दोन्ही खाली, ३०० आणि ८०० च्या आसपास. माणसागणिक आकडे बदलतात. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून बघा, जाड आवाजात लांबलचक "आऽऽईऽऽऊऽऽ" म्हणा आणि तो स्पॅनमधून वाजवा, पट्टे सरकताना दिसतील. घरच्यांना आधी सांगून ठेवा काय चाललंय.

आता तेच बेसवर करायचं:

क) व्हायटलचे दोन्ही फिल्टर चालू करा, दोन्ही बँड-पास (फक्त मधला एक पट्टा जाऊ देणारे), रेझोनन्स (तो पट्टा किती उठून दिसतो ते) अर्ध्याच्या आसपास. दोन्ही ऑसिलेटर दोन्ही फिल्टरला पॅरलल द्या, एकात एक नको.

ख) पहिला ७०० वर, दुसरा १,१०० वर. हा झाला 'आ'.

ग) एकच एलएफओ (नॉब आपोआप हलवत राहणारी लाट) दोघांना जोडा पण उलट्या दिशेने, पहिला खाली ३०० कडे आणि दुसरा वर २,२०० कडे. आता नोट दाबली की "आय-आय-आय" ऐकू येईल.

घ) एलएफओचा आकार गोल साइन ठेवू नका. झटकन चढणारा आणि हळू उतरणारा काढा, किंवा उलट, मधे एक खाच टाका. तोंड कधीच घड्याळासारखं उघडत-मिटत नाही. मोड ट्रिगरवर, म्हणजे प्रत्येक नोटला सुरुवात सारखी होते.

च) वेग टेम्पोला सिंक. १४० बीपीएमला (मिनिटाला १४० बीट) एक आठवा भाग म्हणजे २१४ मिलिसेकंद, हा डबस्टेपचा नेहमीचा. पण पूर्ण ट्रॅक एकाच वेगावर ठेवला तर पंधरा सेकंदांत कंटाळा येतो, म्हणून बार-बारला बदला: आठवा, मग ट्रिपलेट, मग अख्खी एक बीट भरून एकच लांब "आऽऽय".

फॉर्मंट नावाचा तयार फिल्टरही व्हायटलमध्ये आहे, तोही वापरून बघा, पण आधी हे हाताने करा. तयार फिल्टरमधून निघालेला 'आ' सगळ्यांचा सारखाच असतो.

न्यूरोवाल्यांना बोलणं कमी आणि पिळणं जास्त हवं असतं. त्यांनी बँड-पासच्या जागी नॉच (एक पट्टा कापणारे फिल्टर) घ्यावेत, दोन-तीन, आणि ते संथपणे फिरवावेत, चार किंवा आठ बारमध्ये एक फेरी. फेझरसुद्धा शेवटी तेच काम करतो.

५. थोडं एफएम

तिसरा ऑसिलेटर चालू करून साइन करा, त्याचा स्वतःचा आवाज शून्य, आणि पहिल्याला एफएम करायला लावा, म्हणजे तो पहिल्याची फ्रिक्वेन्सी भराभर हलवतो. मॉड्युलेटर (हा हलवणारा) त्याच पिचला किंवा बरोबर एक ऑक्टेव्ह वर असेल तर हार्मोनिक सुरात राहतात. सहा सेमीटोन इकडेतिकडे केलात तर खणखणीत, पत्र्यासारखा बेसूर आवाज येतो, तो एखाद्या फटक्यापुरता छान, सलग बारा बार कोणी ऐकत नाही. एफएमचं प्रमाण एलएफओला किंवा एन्व्हलपला (प्रत्येक नोटेसोबत चढणारा-उतरणारा कंट्रोल) जोडा. ४० टक्क्यांवर ठेवून विसरून जाल तर नुसता किरकिराट.

६. डिस्टॉर्शन: क्रम महत्त्वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

डिस्टॉर्शन नवे हार्मोनिक तयार करतं. फिल्टर त्यातले काही निवडतो. मग फिल्टरच्या आधी डिस्टॉर्शन ठेवलं तर फिल्टरला खायला भरपूर मिळतं आणि बोलणं स्पष्ट होतं, नंतर ठेवलं तर फिल्टरने काढलेलं शिखर डिस्टॉर्शनवर आदळतं आणि फिल्टर हलेल तसा आवाज फाटत जातो. दुसऱ्यात खरी गुरगुर आहे. मी दोन्ही ठेवतो: आधी हलका सॉफ्ट क्लिप, मग फिल्टर, मग जोरात हार्ड क्लिप किंवा साइन फोल्ड (हे सगळे डिस्टॉर्शनचे प्रकार), आणि त्याच्या मागे लो-पास (वरचं कापणारा फिल्टर). व्हायटलमध्ये फिल्टर इफेक्टच्या आधी येतात, पण इफेक्टमध्ये आणखी एक फिल्टर आहे आणि इफेक्ट ओढून वर-खाली करता येतात, त्यामुळे या साखळीचा बराचसा भाग सिंथच्या आतच जमतो: डिस्टॉर्शन खाली, फिल्टर त्याच्यावर वगैरे अदलाबदल करून बघा, बाकीचं डीएडब्ल्यूमध्ये.

सापळा पहिला, डिस्टॉर्शन लावलं की आवाज वाढतो आणि मोठा आवाज कानाला नेहमी भारी वाटतो. प्रत्येक वेळी लेव्हल आधीइतकी खाली आणा आणि मग चालू-बंद करून ऐका. अर्ध्या वेळा बंदच बरं वाटतं. दुसरा, सब आणि मिड (रीस-ग्राउलचा ट्रॅक) एकत्र करून एकाच डिस्टॉर्शनमधून काढले तर दोघांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवीनच सूर तयार होतात, तळ गढूळ होतो. सब वेगळ्या ट्रॅकवर ठेवायला सांगितलं त्याचं हे दुसरं कारण.

७. ओटीटी: मीठ जपून

ओटीटी तीन बँडमध्ये मोठं दाबतो आणि बारीक वर ओढतो, त्यामुळे लपलेली सगळी हालचाल समोर येते. पूर्ण १०० टक्क्यांवर पहिल्या क्षणी जबरदस्त वाटतं, मग लक्षात येतं की श्वास घ्यायला जागाच नाही. डेप्थ २०-३० टक्के पुरे. सबवर लावायचा नाही हे आता वेगळं सांगायला नको.

८. ऑडिओ करा, कापा, परत पिळा

सिंथमध्ये तासन् तास नॉब फिरवत बसणं आणि तयार ट्रॅक असणं यांच्यातली पायरी म्हणजे रिसॅम्पलिंग, आणि नवीन लोक नेमकी हीच टाळतात.

एक लांब नोट धरा, रेकॉर्ड चालू करा, आणि आठ बार हाताने नॉब फिरवत राहा: कटऑफ, एफएम, डिट्यून, जे हाताला येईल ते. काहीही विचार करू नका. नंतर तो ऑडिओ ऐका. त्यातलं नव्वद टक्के टाकाऊ असतं, पण कुठेतरी अर्ध्या बीटचा असा एक तुकडा निघतो की तो ठरवून कधीच बनला नसता. तो कापा. फाईलच्या नावात नोट आणि बीपीएम लिहा, 'बेस_नवीन_फायनल_२' असली नावं ठेवलीत तर महिन्याभराने तुम्हीच हरवाल. आता त्या तुकड्याला पाच सेमीटोन खाली ओढा, उलटा करा, परत फिल्टर आणि डिस्टॉर्शनमधून काढा, परत रेकॉर्ड. दोन-तीन फेऱ्यांत आवाज इतका बदलतो की मूळ सॉ होता हे सांगूनही पटत नाही. जुन्या न्यूरोवाल्यांकडे अकाई आणि ईम्यूचे सॅम्पलर होते, मेमरी तुटपुंजी होती, त्यांना हे करणं भागच होतं. आपल्याला अनडू आहे, म्हणून आपण निर्णय घेत नाही. ऑडिओ केल्यावर निर्णय घ्यावाच लागतो.

कापलेल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर टिक्-टिक् होणार.

९. डार्क म्हणजे काय

बऱ्याचदा लोक आवाज डार्क करायला डिस्टॉर्शन वाढवतात आणि तो उलट उजळतो. डार्क करायचं तर वरचं काढा. ३ ते ४ किलोहर्ट्झच्या वर लो-पास, थोडासाच भाग मोकळा सोडा जिथे एखादा फटका चमकेल.

दुसरं म्हणजे नोट्स. फ्रिजियन मोड म्हणून जो या संगीतात सतत सांगितला जातो, तो आपला भैरवी थाटच, सा नंतर लगेच कोमल रे. हार्मोनियम शिकलेल्यांचं इथे काम सोपं. सा धरून ठेवायचा, बारच्या शेवटी कोमल रे ला हलकेच जायचं आणि परत यायचं, ग्लाइड ६०-८० मिलिसेकंद. एवढ्यावर अख्खा ड्रॉप निघतो. जास्त सुरावट घातलीत की भीती जाते.

१०. ड्रमसोबत बसवणं

ड्रम अँड बेस १७४ बीपीएमला करत असाल तर एक बीट ३४५ मिलिसेकंदांची, आणि दुसऱ्या व चौथ्या बीटला स्नेअर. स्नेअरचं अंग २०० हर्ट्झच्या आसपास असतं, तिथे मिड-बेस थोडा कमी करा किंवा स्नेअरच्या वेळी बेसलाच गप्प बसवा. दुसरं मला जास्त आवडतं. सब किकला साइडचेन करा, म्हणजे किक वाजली की सब दबतो, रिलीज (तो परत वर यायला लागणारा वेळ) ८०-१०० मिलिसेकंदांपासून सुरू करून कानाने जुळवा. मास्टरवर शिखर उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, लिमिटर (शिखरं दाबणारा) शिकताना लावूच नका, तो चुका झाकतो.

११. तपासणी

मास्टर मोनो करून ऐका. बेस एकदम पातळ झाला तर मिडमध्ये स्टीरिओचा अतिरेक झालाय, कोरस किंवा युनिसनची रुंदी कमी करा. १२० हर्ट्झच्या खाली सगळं मोनोच हवं.

मग मोबाइलच्या स्पीकरवर लावा. तिथे ४३ हर्ट्झ वाजणं शक्यच नाही, पण मिड नीट बनला असेल तर त्याचे वरचे हार्मोनिक ऐकून मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो आणि बेसलाइन ओळखता येते. काहीच ऐकू येत नसेल तर सबवर विसंबून राहिलात, तिसऱ्या पायरीकडे परत.

जमलं तर एकदा खऱ्या सिस्टीमवर. गणपती-लग्नात डॉल्बी लावणारा कोणी ओळखीचा असेल तर दुपारी सेटअप तपासताना पाच मिनिटं मागून घ्या, सबचा खरा हिशेब तिथेच कळतो. इअरप्लग घालून जा. ८५ डीबीला आठ तास ही कानाची साधारण मर्यादा धरतात, दर ३ डीबीला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डीबीला पंधरा मिनिटं, आणि त्या भिंतीसमोर १०० काहीच नाही. घरीही रात्री दोन वाजता हेडफोन वाढवत नेऊन घेतलेला कुठलाही निर्णय सकाळी परत तपासा, थकलेल्या कानाला वरचं कमी ऐकू येतं आणि आपण नकळत किलोहर्ट्झच्या किलोहर्ट्झ भरत बसतो.